शिफारशीखाली नाव नसतं

डब्ल्यू. एस. ॲबट नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने 1925 साली तीन पानांचा एक लेख लिहिला. औषध मारल्यावर जे किडे मेले, त्यांतले काही औषध न मारताही मेलेच असते. ते वजा करून औषधाचा खरा परिणाम किती, हे काढायचं सूत्र त्यात आहे. आठवीतल्या पोराला सोडवता येईल इतकं सोपं. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राचे जाडजूड प्रबंध रांगेने उभे आहेत. त्यांतला प्रयोगशाळेत औषधं तपासलेला कुठलाही काढा, संदर्भसूचीच्या सुरुवातीलाच 'ॲबट, 1925' भेटतो. तोंडी परीक्षेला मी मुलांना विचारायचो, "काऊन बापा, हा लेख पाहिला का कधी?" मुलं हसायची. मी पुढचा प्रश्न विचारायचो.

हे आठवायचं कारण एक अर्ज. निवृत्ती जवळ आलेली असताना कुठल्याशा समितीसाठी तो भरायचा होता आणि त्यात एच-इंडेक्सचा रकाना होता. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ही मोजणी सुचवली. तुमचे दहा लेख इतरांनी प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखले असतील, तर तुमचा आकडा दहा. भौतिकीवाल्यांसाठी बेतलेलं माप आम्हा अळ्यावाल्यांच्या अंगावर चढवलं, तर ते कुठे ढगळ होतं आणि कुठे काचतं. माझा आकडा सांगण्यासारखा नव्हता आणि लपवण्यासारखाही नव्हता. तो लिहून झाल्यावर लक्षात आलं, की ज्या कामामुळे वावरात काही बदललं असं मला खात्रीने म्हणता येतं, त्यातलं जवळजवळ काहीच या आकड्यात नाही.

माझं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं, म्हणून विहीर खणून उपयोग नाही. पावसावर कापूस आणि तूर, मग ओलीवर हरभरा. आमच्या लहानपणी घरात बीएचसीची भुकटी असायची. एंड्रिन या शब्दाचा अर्थच विष असा होता. कुणी 'एंड्रिन घेतलं' म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. अमरावतीच्या शिवाजी कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी पुढच्या शिक्षणाला अकोल्यात आलो, तो काळ 1980 नंतरचा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड नुकती बाजारात आली होती. सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट, डेल्टामेथ्रिन. हेक्टरी इतकी थोडी मात्रा आणि असा झटपट परिणाम कुणी पाहिलाच नव्हता. सकाळी फवारलं की संध्याकाळपर्यंत अळ्या खाली. शेतकरी खूश, दुकानदार खूश, आणि खरं सांगायचं तर विद्यापीठंही खूश. शिफारशी भराभर निघाल्या.

मग 1987 च्या हंगामात आंध्रात, गुंटूर आणि प्रकाशम जिल्ह्यांत, पुन्हा पुन्हा फवारूनही हिरवी बोंडअळी मरेना. कपाशी हातची गेली. पांढरी माशीही वाढली, कारण तिला खाणारे मित्रकीटक फवाऱ्यांत संपले होते. आमच्याकडे ही लाट थोडी उशिरा पोचली, पण पोचली. प्रतिकारक्षमता हा शब्द तोवर आमच्यासाठी पुस्तकातला होता. तो प्रयोगशाळेत आणायचा म्हणजे आधी अळी प्रयोगशाळेत वाढवायला शिकायचं.

हिरव्या बोंडअळीचा स्वभाव असा, की दोघींना एका डबीत ठेवलं तर सकाळी एकच उरते आणि ती जरा जाड झालेली असते. म्हणून प्रत्येकीला वेगळी कुपी. खाणं म्हणजे हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, अगार, क जीवनसत्त्व, बुरशी लागू नये म्हणून थोडी रसायनं. हे शिजवून वड्या पाडायच्या. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. त्यात भारनियमन. कूलर बंद पडला, की पतंग अंडी घालत नाहीत आणि घातली तर ती उबत नाहीत. परदेशी लेखांत 'पंचवीस अंश, अधिक-उणे एक' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या एका ओळीसाठी आम्ही ओली पोती खिडक्यांना बांधत होतो.

तिसऱ्या अवस्थेतली, तीस-चाळीस मिलिग्रॅम वजनाची अळी घ्यायची आणि तिच्या पाठीवर एक मायक्रोलिटर द्रावण सोडायचं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत निगेल आर्म्स यांच्या गटाने जी पद्धत बसवली, तीत सायपरमेथ्रिनची 0.1 मायक्रोग्रॅम ही तपासणीची मात्रा होती. तेवढ्याने मेली तर साधी, वाचली तर मुरलेली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती यांनी पुढे देशभरातल्या कापूस पट्ट्यांतल्या अळ्या अशा तपासल्या. त्यांचा 2002 चा लेख या विषयावर काम करणाऱ्या कुणालाही टाळता येत नाही, आणि तो लोक खरोखर वाचतात.

आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर एक मावशी होत्या. शाळा चौथीपर्यंत. अळ्यांचं खाणं बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. पीएच.डी.ची मुलं तराजू लावून अळ्या निवडत, मावशी नुसत्या नजरेने तिसऱ्या अवस्थेतल्या बाजूला काढत. मुलं मग गुपचूप वजन करून पाहायची आणि वजन बरोबर यायचं. कुपी उजेडाकडे धरून त्या सांगायच्या, "हे मरते आज, सायेब. याचं अंग पायजे तसं नाई." विषाणूची लागण झालेली अळी त्यांना आमच्या आधी एक दिवस कळायची. कितीतरी आकडेवाऱ्या त्या बोटांतून गेल्या. प्रबंधांच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक असतो, आईवडील असतात, मित्र असतात, एखाद्यात देवसुद्धा. मावशी फार थोड्यांत सापडतील.

आता शिफारशीचं सांगतो, कारण आमचं आयुष्य तिच्यासाठी गेलं. एखादी उपाययोजना किमान तीन हंगाम शेतावर तपासायची. वाफे आखायचे, प्रत्येक उपचाराची पुनरावृत्ती करायची, एक वाफा बिनफवाऱ्याचा राखायचा. दर आठवड्याला जाऊन पानं, फुलं, बोंडं मोजायची. शेवटी उत्पादन, खर्च आणि नफा यांचं गणित. मग चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक, जिला सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी ती फिरत असते. तिथे उभं राहून तुम्ही तीन वर्षांचं काम काही मिनिटांत मांडता. पहिल्या रांगेतला एखादा ज्येष्ठ चष्मा कपाळावर सरकवून विचारतो, "दुसऱ्या वर्षीचा फरक सार्थ का नाही?" तुम्ही उत्तर देता. कुणी म्हणतं 'प्रभावी' शब्द काढा, कुणी म्हणतं मात्रा दहा लिटर पाण्याच्या हिशोबात द्या. शेवटी जे उरतं ते एक वाक्य असतं.

ते वाक्य विद्यापीठाच्या कृषी संवादिनीत छापलं जातं. तिथून कृषी विभागाच्या पत्रकात, आकाशवाणीवर, वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर, कृषी सहायकाच्या वहीत. वाटेत त्याचा जनक गळून पडतो. 'पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी' हे वाक्य वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकलंय. पाच किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळायचा, साबणाचा चुरा टाकायचा, शंभर लिटर करायचा. हे कुणी शोधलं, असं कुणी विचारत नाही. विचारलं तरी एकाचं नाव सांगता येणार नाही, कारण हे अनेक ठिकाणच्या अनेक माणसांनी थोडं थोडं करून बसवलेलं आहे.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त छळते. पायरेथ्रॉइडच्या त्या पहिल्या शिफारशींखालीही नाव नव्हतं. पंधरा दिवसांनी फवारा, पुन्हा पंधरा दिवसांनी, मग अळी असो की नसो, अशी वेळापत्रकं त्या काळी छापली गेली. ती चुकीची ठरली तेव्हा जबाबदार कोण, हेही कुणी विचारलं नाही. उल्लेखच नसेल तर श्रेय हरवतं खरं, पण जाबही हरवतो. एच-इंडेक्सवर टीका करणारे आमचे लोक हा मुद्दा सहसा काढत नाहीत.

वेळापत्रकाला उत्तर आधीच लिहिलेलं होतं. व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1959 मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'हिल्गार्डिया' या नियतकालिकात एकात्मिक नियंत्रणावर लेख लिहिला. विषय होता लसूणघासावरचा मावा. त्यात आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना पक्की मांडली गेली: कीड दिसली म्हणून मारायची नाही, तिच्यामुळे होणारं नुकसान औषधाच्या खर्चाच्या वर जायच्या बेतात आलं की मारायची. कीटकनाशकांच्या धोक्यांवरचं रेचल कार्सनचं पुस्तक यायला तेव्हा तीन वर्षं होती. आज अकोटच्या एखाद्या वावरात कृषी सहायक वीस हिरवी बोंडं तोडून फोडतो आणि दोनांत अळी सापडली तर फवारा सांगतो, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले का ते बघतो, तेव्हा तो स्टर्नचाच लेख अंमलात आणत असतो. स्टर्नचं नाव त्याने परीक्षेपुरतं पाठ केलं असेल, नसेलही. मला वाटतं स्टर्नला हे चाललं असतं.

बोंडं फोडायची ती गुलाबी बोंडअळीसाठी. आमच्या जुन्या पुस्तकांत तिला शेंदरी बोंडअळी म्हणत. हिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या नोकरीचा शेवटचा मोठा भाग हिने खाल्ला.

ही आपल्याकडचीच. 1840 च्या दशकात भडोचच्या कापसावर ती सापडली आणि सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचं वर्णन लिहिलं. पुढे सरकीतून ती जगभर गेली. अंडं फुटल्यावर अळी लगेच फुलात किंवा बोंडात शिरते आणि शिरल्यावर भोक बुजतं. बाहेरून बोंड धडधाकट. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना जाळ्याने चिकटवते, फूल उमलत नाही. त्या डोमकळ्या ओळखून तोडायच्या, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणी उपाययोजना. थंडीत अळी सरकीच्या दोन दाण्यांत स्वतःला शिवून घेते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत स्वस्थ पडून राहते. जिनिंगच्या आवारात, पऱ्हाट्यांच्या गंजीत, कुठेही. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून जे करायचं ते ती शिरायच्या आधी, किंवा तिला उपाशी ठेवून.

26 मार्च 2002 रोजी बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली. 2006 मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं. हिरव्या बोंडअळीचा त्रास खरोखर कमी झाला, फवारे उतरले, आणि काही वर्षं आम्ही कीटकशास्त्रज्ञ लग्नातल्या जुन्या बॅन्डवाल्यांसारखे कोपऱ्यात बसलो. गावात गेलो तर विचारत, "आता तुमचं काय काम, सायेब?"

काम एका पुडीत होतं. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं, बिगर-बीटी बियाणं यायचं. ते कडेने पाच ओळी लावायचं. त्यामागे लोकसंख्या-जनुकशास्त्राचं भक्कम गणित आहे. बीटी पचवणारा पतंग लाखांत एखादा असतो. साध्या कपाशीवर बीटी न पचवणारे पतंग भरपूर जगले, तर त्या एकाचं मीलन त्यांच्याशी होतं, आणि तशी संतती बीटीवर बहुतेक मरते. साधी कपाशीच नसेल, तर वाचलेले वाचलेल्यांशीच जुळतात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हा नियम पाळला. पुढे 2006 पासून वांझ केलेले पतंग सोडले, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. ब्रूस टॅबॅश्निक यांनी या विषयावर आयुष्य घातलं. त्यांचे लेख जगात हजारो वेळा उल्लेखले गेले असतील.

वऱ्हाडात ती पुडी धुऱ्यावर पडलेली दिसायची. तेल्हाऱ्याकडच्या एका सभेत मी हेच गणित साध्या भाषेत सांगितलं. सांगून झाल्यावर एक वयस्क शेतकरी उठले. "म्हंजे अळीले खाऊ घालासाठी मी वावराचा पाचवा भाग सोडू? माह्याजवळ हायेच चार एकर." मी म्हटलं, सगळ्यांनी सोडला तर सगळ्यांचं बियाणं टिकेल. ते म्हणाले, "सगळे सोडतीन तवा मी बी सोडीन." सभा हसली. या उत्तरात चूक काढायला मला अजून जमलेलं नाही. हजारो एकरांच्या मळ्यासाठी मांडलेला सिद्धान्त चार एकरांच्या माणसावर टाकायचा, तर त्याची भरपाई कोण देणार, हा प्रश्न आमच्या शोधनिबंधांत कुठेच नव्हता.

शिवाय आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत. संकरित झाडाच्या एकाच बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात: बऱ्याचशांत दोन्ही जनुकं, काहींत एक, आणि साधारण सोळांत एका सरकीत एकही नाही. सरकी खाणाऱ्या अळीला विष कधी पूर्ण, कधी अर्धं मिळतं. विष पचवायला शिकण्यासाठी याहून सोयीची शाळा नसेल. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं, त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी निघाली, आणि तिथे प्रतिकार मागे हटला. हे मांडणारा लेख 2017 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्याकडे काय चाललं होतं ते पाहा.

गुजरातेत एका जनुकाला ही अळी दाद देत नाही, हे 2010 मध्येच उघड झालं होतं. त्यावरचा धुरुआ आणि गुजर यांचा लेख पुढच्या वर्षी आला. दोन जनुकांनाही ती दाद देईनाशी झाली, हे नागपूरच्या चिन्नाबाबू नाईक आणि सहकाऱ्यांनी 2018 च्या लेखात मांडलं. त्यातले नमुने आधीच्या काही हंगामांतले. म्हणजे लेख छापून यायच्या आधी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने निष्कर्ष वावरात वाचला होता. 2017 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कपाशी वेचायला गेलेल्या बाया रिकामी ओटी घेऊन परत येत होत्या. बोंड फोडलं की आत कवडी आणि मधोमध गुलाबी अळी. काहींनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला, काहींनी गुरं सोडली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. यवतमाळ आमच्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातलं. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, उकाडा, जोराने फेकणारे पंप, दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय, अंगात साधा सदरा. मेलेल्यांत बरेचजण दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूर होते. आमच्या प्रत्येक शिफारशीत हातमोजे, चष्मा, तोंडाला कपडा हे लिहिलेलं असतं. प्रयोगाच्या वाफ्यात फवारणाऱ्या आमच्या मजुराने तरी भर उन्हात ते सगळं किती वेळ अंगावर ठेवलं, हे प्रत्येक कीटकशास्त्रज्ञाला माहीत आहे. तरीही वाक्य तसंच छापलं जातं. त्या वर्षानंतर मी औषधाच्या शिफारशीवर मत द्यायला उठलो, की आधी एवढंच विचारायचो: हे कोण फवारणार आहे?

औषध कुठलं घ्यायचं हे बहुतेक वेळा आम्ही ठरवतच नाही. ठरवतं कृषी सेवा केंद्र. शेतकरी रोगट फांदी घेऊन काउंटरवर येतो, दुकानदार बघतो न बघतो आणि चिठ्ठीवर तीन नावं लिहितो. उधारीही तोच देतो, त्यामुळे त्याच्या चिठ्ठीला वजन आहे. दुकानदारांसाठी पुढे एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम निघाला. त्यात मी शिकवलं, आणि तो माझ्या नोकरीतला सगळ्यात कामाचा वर्ग होता असं आता वाटतं. अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या, चांदूर बाजारच्या त्या मंडळींना शेतकरी कसा बोलतो, कशाला भितो, काय विकत घेतो हे आमच्याहून नीट ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, "सर, मी एक औषध देऊन पाठवलं तर तो शेजारच्या दुकानात जातो. तिथं तीन मिळतात. मग मी काय करू?" वर्गात उत्तर मिळालं नाही.

माझे विद्यार्थी मोजायचे तर तेही सगळीकडे आहेत. काही कृषी अधिकारी झाले, काही प्राध्यापक, काही बँकेत गेले. बरेच औषध कंपन्यांत आहेत. गाडी, लक्ष्य, वर्षाला एखादी परदेशवारी. मी शिकवलेली प्रतिकारक्षमता ते विक्रेत्यांच्या बैठकीत उत्तम समजावतात आणि शेवटी नवं औषध विकतात. दिवाळीला फोन येतो. वैज्ञानिक वारसा या सदरात त्यांनाही धरायला हवं.

सरकारने ऐकलं असं उदाहरण म्हणजे 2008 नंतरचं. त्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीने उच्छाद मांडला. पुढच्या हंगामापासून राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं: ठरलेल्या गावांत, ठरलेल्या वावरांत दर आठवड्याला जाऊन कीड मोजायची, आकडे संगणकावर चढवायचे, विद्यापीठाने सल्ला द्यायचा, तो मोबाइलवर जायचा. उन्हात वावरं तुडवणारी ती पोरं, त्यांचे मातीने माखलेले तक्ते, आणि सोमवारी-गुरुवारी नकाशावर उमटणारे लाल ठिपके. या कामातून लेख कमी निघाले. पण एखादा तालुका लाल व्हायच्या आधी पिवळा झालेला दिसणं, हे सुख निराळं.

संत्र्यावर मी थोडंच काम केलं, तरी वरूड-मोर्शीचं एक सांगावंसं वाटतं. तिथे रस शोषणारा पतंग रात्री येऊन पिकत्या फळाला सोंड खुपसतो, फळ सडून गळतं. फवारा मारून फळावर विष ठेवण्यात अर्थ नाही, आणि पतंग बागेत राहतही नाही. त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती गुळवेल, वासनवेल यांच्यावर वाढते. बागेच्या कुंपणावरच्या वेली काढा, रात्री धूर करा, गळालेली फळं गाडा, एवढाच सल्ला. एका बागायतदाराला मी हे सांगितलं तर तो हिरमुसला. एवढ्या लांबून आलेल्या डॉक्टरने औषधाचं नावच दिलं नाही! याउलट मे 2020 मध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून उतरून याच मोर्शी-वरूडच्या बागांवर बसली, तेव्हा पहाटे अग्निशमनचे बंब घेऊन फवारणाऱ्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. वेल उपटणाऱ्याचा फोटो कोण काढणार.

नव्या मुलांची मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. बढतीसाठी गुण लागतात, गुणांसाठी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने मानांकन दिलेली नियतकालिकं लागतात. तीन हंगामांचा शेतावरचा प्रयोग म्हणजे तीन वर्षांत एक लेख. संगणकावर अळीच्या प्रथिनांचे साचे जुळवले तर वर्षात तीन. हुशार मूल काय निवडेल? पैसे भरले की आठवड्यात लेख छापणारी नियतकालिकंही आहेत, त्यांच्या मेल मला अजून येतात, 'आदरणीय प्राध्यापक' म्हणून. मोजणीच नको असं मी म्हणणार नाही. पूर्वी ती नव्हती तेव्हा मोठ्या साहेबाचं नाव पहिलं आणि राबणाऱ्याचं शेवटचं, हा न्याय होता. पण शेतावर मोजलेल्या बोंडांना या पद्धतीत जागाच नाही, आणि गुलाबी बोंडअळीचं उत्तर तिथेच आहे.

निवृत्तीनंतर एका पीएच.डी.च्या कामात मी सल्लागार म्हणून होतो. मुलगी अकोट तालुक्यातली. तिने सापळ्यांतले पतंग मोजले, बोंडं फोडली, सगळं रीतसर. पण तिने एक प्रकरण जास्तीचं घातलं: शेतकरी फरदड का ठेवतो, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभी का राखतो. डिसेंबरात कपाशी उपटून टाकावी, म्हणजे अळीला खायला मिळणार नाही आणि साखळी तुटेल, ही आमची सगळ्यात जुनी, सगळ्यात पक्की शिफारस. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. हमीभाव तेव्हा लांब धाग्यालाही 6,025 होता. असा भाव असताना जानेवारीत पाणी द्यायची सोय असलेला कोण उभी पऱ्हाटी उपटेल? तिने गावनिहाय दाखवलं, की ज्यांनी फरदड ठेवली ते आमची शिफारस विसरले नव्हते. त्यांना ती शब्दशः पाठ होती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. "हे प्रकरण कीटकशास्त्रात बसतं का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "सर, फेब्रुवारीत अळी कुठे आहे ते यात आहे."

त्यांनी बराच वेळ तक्ते उलटले, भावाचा स्तंभ आणि पतंगांचा स्तंभ बोटाने खाली खाली वाचत गेले, आणि मग पुनरावृत्ती किती घेतल्या ते विचारलं.